दोघींचा एकच पत्ता

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसून बावीस वर्षं लोकांची अडलेली लॉगिनं सोडवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे किल्लीकाका म्हणत. पासवर्ड विसरलेले मोठमोठे सर्जनही त्यांच्यापुढे गरीब गाय होत.

त्या सकाळी नोंदणीच्या खिडकीवरची नवी मुलगी फोनवर म्हणाली, "काका, मी माझाच पासवर्ड टाकते, पण आत फोटो भलत्याच बाईचा दिसतो. आठवडा झाला."

"आणि आज सांगतेस होय?"

"काम चालत होतं, म्हटलं कशाला त्रास द्या."

काकांनी नोंदी उघडल्या. नवी सिस्टीम माणसाला ई-मेलच्या पत्त्यावरून ओळखायची. नाव-आडनाव सारखं, म्हणून या मुलीला एका बदली झालेल्या नर्सचा जुना ई-मेल पत्ता मिळाला होता आणि त्याबरोबर तिच्या माहितीचं सगळं पानही.

नर्स त्यांना चांगली आठवत होती. बदलीचा कागद टेबलावर ठेवून ती हळूच म्हणाली होती, "नवऱ्याला ठावठिकाणा कळता कामा नये. मला मागेपुढे कुणी नाही, काका." त्यांनी सिस्टीममध्ये तिचा घरचा पत्ता इतरांपासून स्वतः झाकला होता. निर्धास्त जा, म्हणाले होते. पण जिचं पान, तिला स्वतःला ते उघडंच दिसणार, आणि आता सिस्टीमच्या लेखी ही मुलगी म्हणजेच ती.

"तिचा घरचा पत्ता, ड्यूटी, कुणाला सांगितलंस?"

"काल तिचे एक भाऊ आले होते. आई अत्यवस्थ आहे म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी लिहून दिलं."

मागेपुढे कुणी नसलेल्या बाईला भाऊ कुठून आला? काकांनी नर्सची बदली झालेल्या शाखेत फोन लावला.

"सकाळपासून नवरा समोरच्या फुटपाथवर उभा आहे," नर्स म्हणाली. "मला वाटलं, भास होतोय."

तिथल्या मेट्रनबाईंनी तिला लाँड्रीच्या गाडीतून मागच्या फाटकाने बाहेर काढलं. पोलीस पोचले तेव्हा फुटपाथ रिकामा होता. नर्स पुन्हा कामावर आली नाही.

संध्याकाळपर्यंत काकांनी सगळ्यांची ओळख कर्मचारी क्रमांकाला जोडली. अहवालात चूक आपल्या नावावर लिहिली.

तिसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा नोंदणीच्या खिडकीपाशी आला. मुलीने काकांना फोन केला. ते धावत वर आले.

"बहिणीचा पत्ता बदलला वाटतं," तो नम्रपणे म्हणाला.

"आम्हाला ठाऊक नाही."

"हरकत नाही. थांबतो."

आणि तो समोरच्या बाकावर ऐसपैस बसला.