हवेतला गोळा

माझ्या भावोजींना त्या मारामारीच्या गेममध्ये एकदा हरवायचं, ही माझी आयुष्यातली एक जुनी इच्छा आहे. एकदाच. जास्त हाव नाही. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, मुलं कॉलेजात गेली, तरी ती इच्छा काही जात नाही. बायकोला एकदा सांगून बघितलं, तर ती म्हणाली, "एवढंच राहिलंय का तुमचं?" हो, एवढंच राहिलंय. आणि ते राहिलंय ते घरी खेळायची मशिनं बनवणाऱ्या त्या हरामखोरांमुळे. तेच सांगायला बसलोय.

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणायचं, पण होती ती पत्र्याची शेड. आत ओळीने उभी मशिनं, पंखा एकच, तोही मालकाच्या डोक्यावर. सगळ्यात आतल्या मशीनवर ती मारामारीची गेम. दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं, हरला त्याने बाजूला व्हायचं, जिंकला तो तिथेच. पुढचा नंबर लावायचा तर काचेच्या कडेला आपलं नाणं ठेवून द्यायचं. त्या नाण्यांच्या रांगेवरून हाणामाऱ्या झालेल्या मी पाहिल्यात, आणि एक तर माझीच होती.

भावोजी तेव्हा माझे भावोजी नव्हते. उलव्याकडच्या एका गावातला, माझ्याहून जरा मोठा, खांद्यावर टॉवेल टाकून येणारा पोरगा होता. सकाळी वडिलांबरोबर मिठागरावर जायचा आणि दुपारी पार्लरमध्ये हजर. हात असे राठ, की त्या मशीनचा दांडा त्याच्या मुठीत दिसायचाच नाही. पण काय खेळायचा! उडी मारायचा आणि वर असतानाच आगीचा गोळा फेकायचा. गोळा सरळ यायचा नाही, तिरका खाली उतरायचा. खाली बसावं तर डोक्यावर, उडी मारावी तर तोंडावर. त्या मशीनवर हवेतला गोळा सगळ्यांनाच यायचा, मलाही कधीमधी जमायचा. त्याला हवा तेव्हा जमायचा, फरक तेवढाच.

"हो बाजूला, पुढच्याला येऊ दे," एवढंच तो जिंकल्यावर म्हणायचा. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

म्हणून मी ठरवलं की घरी सराव करायचा. वडिलांच्या मागे लागून, रुसून, जेवण सोडून मी टीव्हीला जोडायचा गेम आणायला लावला. कॅसेटच्या खोक्यावर अगदी तीच गेम, तेच चित्र, तेच पहिलवान. मी गल्लीभर सांगून आलो. कॅसेट खोचली, आणि बोंबला! पार्लरमध्ये पहिलवान निवडायला दोन रांगा भरायच्या, इथे मोजून चौघे. तेही असे बुटके, जसे काही धुवून आटले होते. संगीत म्हणजे पिपाणी. मशीनला सहा बटणं, माझ्या हातातल्या पट्टीला दोन. हलकी लाथ आणि जोराची लाथ एकाच बटणात कोंबलेली, आणि कोणती निघेल ते त्या बटणाच्या मर्जीवर. आई म्हणाली, "छान आहे की." मी त्या दिवशी आईशी बोललो नाही.

हवेतला गोळा? नाव नको. उडी मारून गोळा फेकायला गेलं की पहिलवान नुसता लाथ झाडून खाली यायचा. मला वाटलं, स्वस्तातली कॅसेट आहे, कापलं असेल. कापाकापी तर दिसतच होती.

पुढे कॉलेजात असताना एका मित्राने त्याच्या मामाकडून सीडीवाला गेम आणला, तो मी त्याच्या हातापाया पडून सुट्टीभर घरी ठेवला. हा खरा, असं सगळे म्हणत होते. पहिलवान सगळे होते, चित्रंही बरी होती. पण प्रत्येक मारामारीच्या आधी पडदा काळा करून थांबायचं. लोडिंग! पार्लरमध्ये नाणं टाकलं की पुढच्या श्वासाला ठोसा. इथे राग यायचा, वाट बघता बघता उतरायचा, आणि मग मारामारी सुरू व्हायची. राग उतरल्यावर कोण कुणाला मारतो? मागे उभं राहून ओरडणारे लोक निम्मे गायब केले होते. ठोसा मारताना हात खांद्यापासून थेट नाकावर, मधलं काही नाहीच. जागा पुरली नसेल म्हणून मधली चित्रं उडवली असणार. आणि हवेतला गोळा ह्यातही नव्हता.

तरी मी सुट्टीभर त्याच्यावर राबलो. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर चिंधी बांधून खेळलो. आणि सुट्टी संपल्यावर पार्लरमध्ये जाऊन पूर्वीपेक्षा वाईट हरलो. घरच्या पट्टीवर सगळं अंगठ्याने करायचं असतं, पार्लरच्या दांड्याला मनगट लागतं. घरी बटण दाबलं की क्षणभराने हात हलायचा, तर माझा हात तो क्षण आधीच धरून चालायला शिकला होता. पार्लरमध्ये माझे सगळे ठोसे घाईघाईत हवेत. माझा मेहनतीने केलेला सराव त्या घरच्या मशीनने मातीत घातला. तो टॉवेलवाला शेजारी उभा राहून म्हणाला, "काय रं, आजारी व्हतास काय?"

मग त्याचं माझ्या बहिणीशी लग्न ठरलं. स्थळ रीतसर सांगून आलं, दोन्हीकडचे आगरी, ओळखीतले. बहिणीने मला गच्चीवर नेऊन विचारलं, "तू ओळखतोस ना रे, कसा आहे?" आता काय सांगू? दारू पीत नव्हता, कुणाला शिवी दिलेली ऐकली नव्हती, हरलेल्याला हसायचासुद्धा नाही. एक खोट काढता येईना. "ठीक आहे," मी म्हणालो, आणि लग्नात ज्याला अरे-तुरे करत होतो त्याच्या पाया पडलो. तेव्हापासून अहो भावोजी, या भावोजी, बसा भावोजी. तो मात्र मला रं म्हणायचा तो म्हणायचाच.

पार्लर मोडलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ती मशिनं भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेली, हे मला कळलं तेव्हा ती वितळूनही झाली असतील. म्हणजे माझी इच्छा पुरी व्हायची तर आता घरच्याच मशीनवर.

आणि घरच्या मशीनवर ती ह्या वर्षी पुरी झाली. ऐका.

माझी भाची द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला लागलीय. बापावर भारी जीव. लहानपणापासून त्याने तिला एकच गोष्ट सांगितलेली, बाप पनवेलचा चॅम्पियन होता आणि हवेतून गोळा फेकायचा. माणूस एरवी स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. गावाची जमीन विमानतळात गेली, मिठागर गेलं, नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आला, कशावरच बोलला नाही. हे मात्र सांगायचा. तर भाचीने त्याच्या वाढदिवसाला नवं गेमचं मशीन घेतलं आणि त्यात ती आमची जुनी गेम. "मामा, जशीच्या तशी आहे. पार्लरवालीच. तुम्ही या, बाबांना सांगू नका," असा तिचा फोन.

जशीच्या तशी! ह्या दोन शब्दांवर मी दोनदा फसलेला माणूस. तरी गेलो. नवीन पनवेलहून उलव्याला जाईपर्यंत अंगावर सिमेंटचा थर, जिथे बघावं तिथे खोदलेलं आणि बांधलेलं. बहिणीने बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवण झालं, आणि भाचीने भिंतीएवढ्या टीव्हीवर गेम लावली. भावोजींनी पडद्याकडे पाहिलं आणि उठून उभेच राहिले. "बसा की," बहीण म्हणाली. "उभ्यानीच खेलतात," ते म्हणाले. मीही उभा राहिलो. दोन म्हातारे सोफ्यासमोर उभे.

चित्र खरंच तेच होतं. आवाज तोच. मला मान्य करताना जीव जातो, पण तेच होतं. सुरुवातीला बटण दाबलं की हात मागाहून हलत होता, तर भाचीने टीव्हीत काहीतरी बदललं आणि तेही गेलं. मला वाटलं, आता मेलो. आता माझ्याकडे सबबसुद्धा नाही.

भावोजींनी उडी मारली, वर गेले, अंगठा फिरवला. पहिलवान नुसता लाथ झाडून खाली आला. मी खाली उभाच होतो. हाणलं. परत उडी, परत तेच. "बटन खराब हाय," ते म्हणाले. आम्ही हातातले रिमोट बदलले. परत उडी मारली, परत मी हाणलं. ते खाली उभे राहून खेळतच नव्हते. पनवेलमध्ये त्यांना कधी खाली उभं राहावंच लागलं नव्हतं. हात सवयीने वर जात होता आणि वर काही नव्हतं. पडद्यावर माझ्या पहिलवानाचं नाव मोठ्या अक्षरात आलं.

जिंकलो. अर्धं आयुष्य ज्यासाठी जळलो, ते झालं. मी ओरडणार होतो, तोंड उघडलंही होतं.

"गोला कुठं गेला?" भावोजी पडद्याला विचारत होते. "ह्यातून काढला काय यांनी?"

भाची मोबाइलवर शोधत होती. मग ती हसायला लागली. "बाबा, काढला नाही. तो नव्हताच कधी. मूळ गेममध्ये हवेत गोळा येतच नाही. तुमच्या पार्लरच्या मशीनमधला बोर्डच डुप्लिकेट होता. कुणीतरी गेम बिघडवून असे बोर्ड बनवायचे आणि पार्लरवाल्यांना खपवायचे, इथे लिहिलंय सगळं." आणि वर हे बोलली, "म्हणजे तुम्ही डुप्लिकेटचे चॅम्पियन!"

पोरगी वाईट नाही. लाडात बोलली. पण त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता, कारण जिंकल्यावर तो माझ्याकडे बघायचा नाही आणि त्याला हरताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू सांग रं हिला. जायचा का नाय गोला?"

बहीण भांडी घासायची थांबली होती. मी नुसते खांदे उडवले असते तरी पुरे होतं. काय की भावोजी, आठवत नाही, असं म्हटलं असतं तर खेळ खलास. माझा विजय मूळ गेमवरचा, अस्सल, आणि त्यांची सगळी कारकीर्द नकली. कुणी मला खोटंही म्हटलं नसतं.

माझं टाळकं सटकलं. कुणावर ते सांगता येत नाही, सगळ्यांवरच. कुठल्या देशात बसून कुणीतरी ठरवणार की मूळ काय, आणि तेच घराघरात विकणार, आणि पनवेलच्या पत्र्याखाली आम्ही घाम गाळून जे खेळलो ते झालंच नव्हतं म्हणून सांगणार? मग मी कशाने हरत होतो? माझ्या अंगठ्याचा फोड कशासाठी फुटला होता?

"जायचा," मी भाचीला म्हणालो. माझा आवाज चढला होता. "हवेतून जायचा, तिरका जायचा, आणि तुझ्या बापासारखा कुणाला जमत नव्हता. मी खाल्लेत ते गोळे, तोंडावर. तो मोबाइल काय सांगतोय मला?"

भाचीने मोबाइल खाली ठेवला. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "बरं मामा, पण आत्ता तुम्ही जिंकलात ना?"

"हे काय जिंकणं झालं?"

"मग परत खेळा ना दोघं."

"कशावर?" मी ओरडलो. "कशावर खेळू?"