कोणत्याही गाडीत बसा

गोंदियात रेल्वेची तिकिटं काढून देणारा तो माणूस थट्टा केल्याशिवाय कोणाला तिकीट देत नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरून, मान खाली घालूनच बोलते. मी सांगितलं, जर्मनीतल्या पोराकडून इटलीतल्या पोरीकडे एकट्यानं जायचं आहे, मधात दोनदा गाडी बदलायची.

"तिकडच्या रेल्वेचा पास घ्या ना बाबाजी, कोणत्याही गाडीत बसा."

"तेच तर भेव आहे. कुठं उतरायचं ते माझी बुढी सांगे. ती तर गेली."

तो उठून खर्रा थुंकून आला. "पासवर गावाचं नाव नसते. हरवले तर दाखवान काय?" म्हणाला, अन् तीन वेगळी तिकिटं काढली. प्रत्येकावर उतरायचं ठेसन मराठीत लिहिलं. मग पोरीचा पत्ता विचारून चिठ्ठीवर लिहिला अन् ती माझ्या खिशात घातली, जत्रेत लेकराच्या घालतात तशी.

थट्टा एकही केली नाही. तेव्हा मला खरं भेव लागलं.