दहा, बारा, चौदा

माझ्या ड्रमसेटमधल्या टॉमना कुणी न विचारता सूर लावायची चावी लावली की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, लोक शेताच्या बांधावरून भांडतात आणि तुम्ही स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यावरून. म्हणू दे. तो अर्धा फेरा शोधायला मी एक अख्खा आठवडा घातला होता.

मी आगरदांड्याजवळ राहतो. रोज फेरीबोटीने दिघीला उतरून म्हसळ्याला एका सरकारी कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवतो. आठ वर्षांपूर्वी सुरुवात केली ती एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या जुन्या सेटवर. त्याचे तीन टॉम, म्हणजे सेटमधले लहानमोठे ढोल, होते बारा, तेरा आणि सोळा इंचांचे. त्यातले बारा आणि तेरा म्हणजे जुळे भाऊ. कितीही पिळा, दोघे एकाच आवाजात बोलायचे. बारावाला जास्त चढवला तर किंचाळायचा, तेरावाला उतरवला तर ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा वाजायचा. सहा वर्षं मी हे सोसलं. मग ठरवलं, आता स्वतःचे घ्यायचे आणि स्वतःच्या कानाने निवडून घ्यायचे.

मुंबईचा दुकानदार म्हणाला, मांडवात वाजवणार ना, मग बारा-तेरा-सोळाच न्या, सगळे तेच नेतात. सगळे नेतात म्हणून मी नेऊ? मी दहा, बारा, चौदा मागितले. दोघांमध्ये दोन-दोन इंचांचं अंतर असलं की तिघांना आपापला आवाज मिळतो. हात वरून खाली फिरवला तर पायऱ्या उतरल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने ते रेवसला आणले. दहा इंची सगळा वेळ माझ्या मांडीवर होता.

पुढचा आठवडा ते लावण्यात गेला. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, प्रत्येक स्क्रूपाशी टिचकी मारायची, पानाच्या, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याच्या, कडेला सगळीकडे एकच सूर यायला हवा. खालचं पान वरच्यापेक्षा जरा चढं ठेवायचं. एका ठिकाणी खोटा सूर आला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. हे मला कुणी जन्मतः दिलं नव्हतं. सलग पाच वर्षं दर रविवारी पनवेलला जाऊन एका म्हाताऱ्या ड्रमरच्या शिव्या खाऊन मी हे शिकलो.

शेजारच्या खोलीत बाबा असायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. माझ्या वाजवण्याबद्दल ते आठ वर्षांत एकच वाक्य बोलले, तेही जुना सेट घरात आला त्या दिवशी. "आम्ही जे टाकलं ते तू विकत आणलंस."

टाकलं ते डफ. आमचे आजोबा गावच्या पालखीपुढे डफ वाजवायचे. हौस म्हणून नाही, जातीचं काम म्हणून. धम्म घेतल्यावरही ते काम सुटायला चार-पाच वर्षं लागली. बाबा लहानपणी आजोबांचा सदरा धरून त्या पालखीपुढे चालले आहेत. वाजवून झालं की गावकरी शिधा वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. एका वर्षी आजोबांनी डफाचं पान सुरीने फाडलं आणि पुन्हा वाजवणार नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर गावच्या दुकानदारानेही आमच्या घराला मीठ द्यायचं बंद केलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी बाबांना म्हटलं, हे वेगळं आहे, हे मी निवडलंय. आणि ते सिद्ध करायच्या मागे लागलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या कोळीवाड्यातल्या, लग्न-हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीने मला घेतलं. पार्टी एका नाखवाची, म्हणजे होडीच्या मालकाची. माणूस वाईट नाही. स्वतःच्या ताटाशेजारी जेवायला बसवतो, घरी जाताना पापलेट बांधून देतो. म्हणूनच त्याचा राग धड करताही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका हळदीत मी चहा पिऊन परत आलो तर तिन्ही टॉम ढिले. मी विचारलं, चावी कुणी लावली? नाखवा हसत म्हणाला, "मीच. हळद हाय, जरा पोटातून वाजू दे." गाढवाला गुळाची चव काय. सगळी हळद ताटकळत ठेवून मी एकेक स्क्रू परत जागेवर आणला. वऱ्हाडी बायका वैतागल्या, बेंजोवाला तोंड फिरवून बसला. मी हललो नाही.

नाखवाला मात्र कौतुक वाटलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कान बगा कसा हाय याचा. यांना शिकवाय लागत न्हाय. यांच्या लोकांच्या रक्तातच हाय वाजवणं, म्हणून तर याला घेतला."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "रक्तात नाही नाखवा, पनवेलला शिकलोय." तो म्हणाला, "व्हय, व्हय." पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्यानंतर मी काय केलं? काठ्या उचलल्या आणि वाजवलं. दोन तास वाजवलं, चांगलं वाजवलं. त्या दिवसाचा सगळ्यात जास्त राग मला याचा येतो.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी नाखवा आमच्या घरी आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात ताट, ताटात नारळ आणि पानसुपारी. बाबा ओटीवर पेपर वाचत होते. मी आत टॉम लावत होतो, दार उघडंच होतं.

"गुरुजी, जत्रा आली," नाखवा ताट ओटीवर ठेवत म्हणाला. "यंदा पालखीच्या म्होरं तुमचा पोरगा हवा. मोठा टॉम गळ्यात घालून चालंल. तुमच्या घरचा मान हाय त्यो. किती वर्षं रिकामा ऱ्हायलाय, आमाला बरं वाटत न्हाय."

तो टोमणा मारत नव्हता. कोळीवाड्यात मान द्यायचा तर नारळ घेऊन दारात जातात, तसा तो आला होता. आपण या घराचं हरवलेलं काहीतरी परत करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. मी चावी मुठीत धरून बाहेर आलो. ताट उडवून द्यावंसं वाटत होतं, पण त्याहून मोठी भीती बाबांची होती. आता ते माझ्याकडे वळून म्हणणार, बघितलंस? दहा, बारा, चौदा, पनवेल, सगळं पाण्यात जाणार. आणि मला तोंड उघडायला जागा उरणार नाही.

बाबांनी पेपरची घडी घातली आणि ताट हळूच नाखवाकडे सरकवलं.

"मान नव्हता तो, नाखवा. लहानपणी मी चाललोय त्या पालखीपुढे."

नाखवा गोंधळला. "पन गुरुजी, त्याच्या हातात हाय ते. रक्ताचं कुटं जातंय?"

"रक्ताचं?" बाबा म्हणाले. "पहिली दोन वर्षं हा इतकं वाईट वाजवायचा की मी कानात कापूस घालून पेपर वाचायचो. तरी ऐकू यायचं. एकच ठेका तीन-तीन महिने. दर वेळी त्याच जागी चुकायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा. रक्तात असतं तर आठ वर्षं लागली असती का? माझ्या मुलाने मेहनत केलीय. ती तुम्ही त्याच्या आजाच्या नावावर घालू नका."

नाखवाने ताट उचललं. पायरीवरच्या चपला घातल्या आणि गेला. बाबांनी पेपर पुन्हा उघडला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

खरं सांगतो, तेव्हाही मला रागच आला. बाबांनी एवढं सगळं ऐकलं होतं, तर मला सांगायला काय झालं होतं? सांगितलं ते नाखवाला.