अठ्ठावीस वर्षांची खरखर

कसबा पेठेतलं अमीन शेख यांचं दुकान एवढंसं होतं की आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं बोळातूनच बोलायचं. आत ध्वनियंत्रांच्या वायरी, त्यांच्या टोकाच्या पिना आणि सॉकेटं. नाटकं गावोगाव फिरायची त्या दिवसांत हाच माणूस विंगेत बसून ध्वनी सांभाळायचा. पडदा पडल्यावर टाळ्या पुढच्यांना, याला एक कप चहा; आणि तो त्यावर खूश.

२००३ च्या दसऱ्याच्या आठवड्यात तेजस दुकानात आला. हडपसरच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा, हातात पगार खुळखुळणारा. त्यानं नवा अॅम्प्लिफायर, नवा टेप डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले होते, ते जोडायला पिना हव्या होत्या. त्याची आई मालनबाई एकेकाळची गाणारी नटी. तिच्या पदाची एकच टेप उरली होती, १९७५ सालची, आणि ती अमीननं ध्वनिमुद्रित केलेली. दसऱ्याला जुनी नाटकमंडळी घरी जमणार होती, त्यांना ती ऐकवायची होती.

टेपचं नाव ऐकताच अमीननं हातातली वायर खाली ठेवली. ही टेप ऐकवताना मालनबाई दर वेळी चारचौघांत म्हणायच्या, “पद माझं, खरखर अमीनची.” सगळे हसायचे, अमीनही हसायचा. पण त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यानं कानाला हेडफोन लावून शब्द न् शब्द ऐकला होता आणि आवाज आरशासारखा स्वच्छ होता. हे पटवून द्यायची संधी अठ्ठावीस वर्षांनी दारात चालून आली होती.

तेजसनं लखलखीत सोनेरी पिन उचलली. अमीननं ती काढून घेतली आणि म्हणाला, सोनं दागिन्यात बघायचं. मग नाटकाची पात्रं निवडावीत तशी त्यानं पिनांची चाचणी घेतली. पिन सॉकेटात घट्ट बसली पाहिजे, पण जरा पीळ दिला की निघाली पाहिजे. टोपण फिरवून आत पाहायचं, वायरीची मान धरायला चिमटा आहे ना, नाहीतर ओढ सगळी सोल्डरच्या जोडावर येते. नखानं मुलामा निघाला तर तिला तिथूनच नमस्कार. डबाभर पिना बाद झाल्या तेव्हा कुठे आठ वजनदार पिना त्याच्या पसंतीला उतरल्या. सोल्डर त्यानं स्वतः केलं आणि प्रत्येक जोड ओढून पाहिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं हडपसरला जाऊन सगळं जोडलं. तेजसची सीडी लावली, आवाज स्वच्छ. टेप मात्र मालनबाईंनी लावू दिली नाही. मंडळींच्या आधी प्रयोग नाही, म्हणाल्या.

दसऱ्याला मंडळी बसली, तेजसनं बटण दाबलं आणि खोली खरखरीनं भरून गेली.

“ऐका,” मालनबाई म्हणाल्या. “आम्ही म्हातारे झालो, अमीनची खरखर अजून सोळा वर्षांची आहे.”

खोली खो खो हसली. अमीनचे कान तापले. तो उठला, टेप थांबवली, कालचीच सीडी लावली. तीही खरखरली. मग त्यानं यंत्राच्या मागे हात घालून एक पिन उपसली आणि उंच धरली. टोक लालभडक होतं, वर हळदीचा थर.

“दसरा आहे,” मालनबाई म्हणाल्या. “यंत्रांची पूजा केली.”

“टोकाला, बाई?”

“तलवारीला कुंकू पात्याला लावतात. मुठीला लावून काय उपयोग?”

आठही पिना उपसून, ओल्या बोटानं एकेकीला हळदकुंकू लावून त्यांनी परत बसवल्या होत्या. अमीननं हळूच विचारलं, आणि जुन्या टेपरेकॉर्डरच्या पिनांना? मालनबाईंनी बोटांवर दसरे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

कापूस आणि स्पिरिट आलं. आठ पिना आणि आठ सॉकेटं पुसून झाली. टेप पुन्हा सुरू झाली.

आधी एक कोवळा आवाज आला, “बाई, लाल दिवा लागला. सुरू करा.” तो सव्वीस वर्षांचा अमीन होता. मग पेटी, आणि पेटीवरून चढत गेलेला मालनबाईंचा आवाज, असा स्वच्छ की त्यांच्या हातातल्या बांगड्यांची किणकिणही ऐकू आली. मध्येच कुणीतरी खोकलं. “हा खोकला माझा,” पेटीवाले बापूराव अभिमानानं म्हणाले.

पद संपलं. मालनबाई उठल्या, पदर सारखा केला आणि पडद्यापुढे यावं तशा खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“मंडळी, एक दुरुस्ती. पद माझं, आणि खरखरही माझीच.”

मग त्या अमीनकडे वळल्या आणि कमरेत वाकून मुजरा केला. टाळ्या वाजल्या. आज त्या विंगेतल्या माणसासाठी होत्या.

परतीच्या पीएमटी बसमध्ये अमीन ते पद गुणगुणत होता. त्यातली वरच्या सुरांची जागा त्याला कधीच जमली नव्हती. आज तो ती चार चार वेळा घेत होता.

“काका,” कंडक्टर म्हणाला, “तुमची मैफल संपली असेल तर उतरा. शेवटचा स्टॉप आहे, गाडी इथून परत हडपसरला जाते.”

अमीन पायरीवर थांबला, मागे वळला आणि रिकाम्या बसला वाकून नमस्कार करून उतरला.