फिल्ममधली मान

लहानपणी माझी हनुवटी इतकी मागे होती की पाऊस पडला असता, तर नाकावरचं पाणी थेट गळ्यावर उतरलं असतं. पाऊस पडतच नव्हता, म्हणून हे सिद्ध करता आलं नाही. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, आणि अख्ख्या गावात ओलं असं तेवढंच. माझे वडील त्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. शाळेत मला सगळे 'उंदरी' म्हणत.

दातांचे डॉक्टर नांदेडला होते. त्यांनी माझ्या दोन्ही कानांत खुंट्या घालून डोकं अडकवलं आणि बाजूने एक्स-रे काढला. अर्ध्या तासाने दिव्याच्या काचेवर माझी कवटी लागली. डोळ्यांच्या जागी काळोख, ओठांचा पत्ता नाही, दात मात्र कशाला तरी हसून राहिलेले. आणि मी जिवंत, बारा वर्षांची, समोर उभी.

डॉक्टर जबड्यापेक्षा मानेकडेच बघत होते. फिल्मवर पातळ कागद ठेवून त्यांनी पेन्सिलीने जबडा आणि मणके उतरवून घेतले. मग वडिलांना समजावलं. लहान वयात मानेच्या मणक्यांची खालची कड सपाट असते. वाढीचा जोर जवळ आला की आधी दुसऱ्या, मग तिसऱ्या मणक्याला खालून खळगा पडतो. दातांवर प्लेट बसवायची ती तेव्हाच, म्हणजे जबडा पुढे येतो. आधी बसवली तर उगाच छळ, उशीर झाला तर जन्मभर हीच हनुवटी. माझ्या सगळ्या कडा सपाट होत्या. सहा महिन्यांनी या, म्हणाले. कागद त्यांनी ठेवला, फिल्म आम्हाला दिली.

आम्ही ती खिडकीच्या गजाला टांगली. घरात मोठी आत्या होती. ती म्हणाली, "जित्या लेकराची कवटी घरात टांगत्यात व्हय?" वडील दर रविवारी विहारात भूतबित काही नसतं हे तासभर पटवून द्यायचे. आत्यालाही त्यांनी ते पटवलं. पण दिवेलागणीला कवटीवर टॉवेल टाकायचे तेच. धूळ बसते म्हणून.

दुष्काळामुळे डॉक्टरांनी फिल्म बादलीभर पाण्यात कशीबशी धुतली होती. ती हळूहळू तपकिरी होत गेली. मी रोज सकाळी टॉवेल काढून बघायची. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिसऱ्या मणक्याची खालची कड मला वाकलेली दिसली. मी स्वतःची मान चाचपली. फिल्ममधली पोरगी माझ्याबरोबर वाढून राहिली होती.

धावत जाऊन वडिलांना सांगितलं. ते दाढी करत होते, वाटीभर पाण्यात.

"काल टँकरमधून मगर निघाली म्हणालीस," ते म्हणाले.

हे खरं होतं. मगर मी नऊ हात लांब सांगितली होती. अशा तोंडाने आता खरं सांगून कोण ऐकणार?

आत्या तेवढी उठली. तिने फिल्म उजेडात धरली, मग माझ्या मानेवरून बोट फिरवलं. "बापू," ती भावाला म्हणाली, "पोरीचा टाइम निघून गेला तर तुझं विज्ञान काय करील?"

वडिलांनी कचेरीतून नांदेडला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, यंत्र आहे, फिल्म धुवायला पाणी नाही, पाणी तुम्ही आणा. आमच्याकडे टँकर चार दिवसांतून एकदा यायचा. आत्याने पिण्याच्या पाण्याचा अख्खा कॅन उचलला, तोंडाला फडकं बांधलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी माझ्या हनुवटीकडे कुणी पाहिलं नाही, सगळी एसटी कॅनकडे बघत होती. एकीने विचारलंच, काय हाय त्यात?

"पोरीची हनुवटी हाय," आत्या म्हणाली.

नवी फिल्म आमच्या पाण्यात धुतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याला खळगा पडला होता. अगदी वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले. आत्या कॅनवरच टेकली.

तेव्हा वडिलांनी जुनी फिल्म पुढे केली आणि माझी मगरीसकट सगळी हकीकत हसत सांगितली. डॉक्टरही हसले. कमी धुतलेल्या फिल्मवर डाग उमटतात, डागच वाकडा दिसला असेल. दाखवतो, म्हणून त्यांनी पेन्सिलीचा जुना कागद शोधून जुन्या फिल्मवर ठेवला. नाक जुळलं. दात जुळले. जबडा जुळला. मानेपाशी ते थांबले. कागद उचलून पुन्हा ठेवला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा ठेवला. मी टाचा उंचावून पाहिलं. पेन्सिलीची रेघ सरळ होती, आणि तिच्याखालचं हाड वाकलेलं.

वडील शास्त्रीय कारणाची वाट बघत उभे होते. डॉक्टरांनी कागदाची घडी करून खिशात घातली, दिवा बंद केला आणि प्लेटच्या मापासाठी मला खुर्चीत बसवलं.

"तोंड उघड," ते म्हणाले. "आणि यातलं कुठं बोलू नको."

हनुवटी आली पुढे. बोलायचं राहिलं होतं, ते मी आज बोलले. त्या दिवशी फिल्म धुऊन कॅनमध्ये तांब्याभर पाणी उरलं होतं. परतीच्या एसटीत घसे कोरडे पडले, पण त्याला कुणी हात लावला नाही, वडिलांनीसुद्धा.