माझा अंदाज वेर्टचा होता

शुक्रवारी सकाळपासून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तेच नकाशे पुन्हा पुन्हा पाहत होते. ऑफिसला रजा टाकली होती. इथं नेदरलँड्समध्ये आमचा चौघांचा गट आहे. उन्हाळ्यात विजांची वादळं कुठं उठणार याचा अंदाज काढायचा, गाडीनं तिथवर जायचं आणि सुरक्षित अंतरावरून ती पाहायची. गटाचे प्रमुख भूगोलाचे निवृत्त डच शिक्षक, बाकीचे दोघं त्यांचेच जुने विद्यार्थी.

दहाला फोनवर चर्चा झाली. शिक्षक म्हणाले, "सीमा ओलांडून जर्मनीत. पाचपर्यंत तिथं मोठं काहीतरी उठेल."

मला तसं दिसत नव्हतं. तिकडे दमट हवा भरपूर होती, पण तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला होता आणि तो रात्रीपर्यंत हलेल असं वाटत नव्हतं. उलट बेल्जियमकडून येणारी थंड हवा सातच्या सुमारास आमच्या दक्षिणेला वेर्ट गावाजवळ पोचून तिथली दमट हवा वर ढकलणार होती.

"वेर्ट," मी म्हणाले. "सात वाजता."

ते हसले. "तुमच्याकडे पाऊस येतो तसा इथं येत नाही."

"मी पुण्याच्या पावसाबद्दल बोलत नाहीये. आकडे इथलेच आहेत, तुम्हीही तेच बघताय."

"मग तू एकटीच जा."

"जाते," म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा घरूनच काम करत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "त्यांचा तीस वर्षांचा अनुभव आहे गं. आणि एकटी कशी जाशील?"

"एकटी कशाला? मी जाते बरोबर," सासूबाई म्हणाल्या. त्या भारतातून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आमच्या न्यूनेन गावाच्या शांततेला पुरत्या कंटाळल्या होत्या.

"आई, तू?"

"का? मला वीज दिसत नाही का?"

त्यांनी दशम्या बांधून घेतल्या आणि आम्ही निघालो. वेर्टच्या अलीकडे शेतांमधल्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये चारला पोचलो. आकाश निळंशार. पाच झाले, सहा झाले. गटावर कुणाचाच निरोप नव्हता.

"परत जायचं का, आई?"

"तुझा आकडा काय म्हणतो?"

"अजून तासभर."

"मग बस की. कुणाला घाबरतेस?"

पावणेसातला नैऋत्येला एक ढग वर चढू लागला. बघता बघता त्याचा माथा पसरून सपाट झाला आणि बूड काळंनिळं पडलं. पण तो आमच्याकडे येईना. पश्चिमेकडून, वीसेक किलोमीटरवरून, तो सरळ उत्तरेकडे, आमच्या घराच्या दिशेनं निघाला. आमच्यावर थेंबही पडला नाही. पण लांब असल्यामुळेच तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा दिसला, आतून विजांनी उजळत. सासूबाईंनी गाडीबाहेर उभं राहून कमरेवर हात ठेवले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "अगं, इथं गारा पडताहेत! लिंबाएवढ्या! मागच्या शेडचं छप्पर फुटलं!"

"खिडक्यांपासून लांब राहा," मी म्हणाले. हसू आवरत नव्हतं.

शिक्षकांचा निरोप आठला आला: जर्मनीत ऊन, काही नाही. तू गेलीस का वेर्टला? मी फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "पण ते वेर्टवर आलं नाही."

खरंच होतं. मी वीस किलोमीटरनी चुकले होते, आणि ते लपवलं नाही. पण लगेच पुढे लिहिलं, "तुम्ही दोनशेनी चुकलात. पुढच्या वेळी जागा मी ठरवणार."

दोन दिवस उत्तर आलं नाही. रविवारी आलं: "निदान दोघं मिळून ठरवू." मी लिहिलं, चालेल, पण माझं म्हणणं मधेच तोडायचं नाही. आणि गाडीत एक जागा जास्तीची लागेल.