आबा आणि गोऱ्यांची मिरची

आमच्या सासऱ्यांनी जन्मात चहा घेतला नाही, आणि त्याचा त्रास सगळ्या धुळ्याला झाला. कुणाच्याही घरी कप पुढे आला की आबा आधी कंपनी सरकार काढायचे, मग अफू, मग मळ्यांतले मजूर. यजमान बिचारे मान डोलवत राहायचे आणि त्यांचा चहा पार गार व्हायचा. माझ्या नणंदेला बघायला आलेली मंडळीसुद्धा यातून सुटली नाहीत. नशीब, मुलाला पोरगी पसंत होती.

तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर आबांना रान मोकळं मिळालं. गोऱ्यांनी जहाजं भरून आणलेलं काहीही घरात नको. बिस्किटाला ते गोऱ्यांची शिळी भाकर म्हणायचे. "मिरीच्या वासावर आले आणि घरात घुसले," हे वाक्य आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. त्यांच्या चष्म्याबद्दल आणि सायकलबद्दल मात्र कुणी विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, आणि पुढे बरेच दिवस अबोला झेलला.

अशा घरातल्या माझ्या लेकीला, मनूला, पोर्तुगालात लिस्बनला शिकायला जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. विषय काय, तर जुन्या जहाजांचा इतिहास! पांझरेचा पूर हाच आमचा समुद्र. हे खूळ पोरीच्या डोक्यात शिरलं ते आबांचीच व्याख्यानं ऐकून. आबा म्हणाले, ज्यांनी लुटलं त्यांच्या दारात आपली पोर जाणार नाही. आमचे हे वडिलांपुढे तोंड उघडत नाहीत, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मनूने वाद घातला नाही. आबांचा नियम नीट पाळू, म्हणाली आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. एकादशीला आबा खिचडीची वाट बघत बसले, तर ताटात नुसती भगर आणि दही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं त्या लोकांच्याच जहाजांतून आलं, हे तिने पुस्तक उघडून दाखवलं. आपली एकादशीच गोऱ्यांनी बाटवली म्हटल्यावर आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण हट्टी माणूस, भगर खाल्ली.

पुढचे दिवस नुसत्या मिरीवर निघाले. मग भरीत झालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकर, सगळं जिथल्या तिथे; फक्त मिरची आणि दाणे नाहीत. आबांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"सूनबाई, मिरची आण."

"मग पोरगी?" मी जागची हलले नाही.

"आधी मिरची."

मिरची खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा म्हणाले, जाऊ दे तिला. पाणी मिरचीचंच होतं, असं त्यांचं म्हणणं.

बसस्थानकावर त्यांनी मनूला जवळ घेतलं. एरवी शुद्ध बोलणारे आबा अहिराणीवर आले. "त्यास्नामायक करू नको. त्या उनात नि जावानं नावच लिधं नई. तू शिकीसन घर ये." म्हणजे, गोरे आले आणि जायचं नावच घेतलं नाही, तसं तू करू नकोस, शिकून घरी ये.

मनू शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. पुढच्या दिवाळीला येते, म्हणत राहिली. मला तिचा राग येतो आणि अभिमानही वाटतो, आणि दोन्ही मी तिला फोनवर ऐकवते. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येईनात. दारात पाऊल वाजलं की मान वळवून विचारायचे, "मनू उनी का?"

"आली आबा, पाय धुतेय," मी म्हणायचे. मग ते तिची वाट बघत झोपी जायचे.